बशीरच्या सायकलची पिन

गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरले, मैदान मोकळं झालं, की सोलापुरात हुरडा येतो. पूर्वी त्यासाठी कुणाच्या तरी शेतावर जावं लागायचं. आता नव्या पेठेच्या तोंडाशी हातगाडीवरही तो मिळतो, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत शेंगाचटणीची पुडी. परवा सून घेऊन आली. कढईत परतून वाटी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "खावा की मामा, गरम हाय तोवर." मी चार दाणे तोंडात टाकले आणि वाटी बाजूला सरकवली. दातांमुळे खाता येत नसेल, असं तिला वाटलं. माझे दात शाबूत आहेत.

हुरड्याचा वास आला की मला अक्कलकोटपलीकडची मैंदर्गी आठवते. मैंदर्गीत मी एक गोष्ट केली होती. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. ज्याला सांगायला हवी होती त्याला या हुरड्यात पहिल्यांदा सांगितली. आता लिहितो आहे, कारण त्यानंच लिहायला सांगितलं आहे.

तो म्हणजे बशीर. माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आमच्या घरापासून दोन बोळ सोडून. माझं घराणं कापडाचं, काकांचं दुकान नव्या पेठेत. मला कापडात रस नव्हता आणि कॉलेजात यश नव्हतं. दोनदा नापास झाल्यावर मी बराचसा वेळ बशीरच्या दुकानाच्या पायरीवर बसून काढत असे. तिथं रबराच्या सोल्युशनचा वास असायचा, पंक्चर शोधायला ठेवलेली पाण्याची लोखंडी पाटी असायची आणि बशीरचे अब्बा हातातली कानस न थांबवता गिऱ्हाइकाशी बोलत असायचे. त्या पायरीवरच कधीतरी कन्याकुमारीची गोष्ट निघाली. सायकलनं जायचं, सायकलनं यायचं. अब्बा म्हणाले, "जाओ. लेकिन सायकल मैं नहीं बनाता. बशीर बनाएगा. रस्तेमें मैं थोडीच आनेवाला हूं."

त्या काळच्या काळ्या, उंच, दांड्याच्या सायकलींना कॉटर पिन असायची. आताच्या मुलांना ती दाखवायची तर भंगारात शोधावी लागेल. बोटाएवढी लोखंडी पाचर. पायडलचा दांडा मधल्या एक्सलला धरून ठेवायचं काम तिचं. एका अंगानं ती कानशीनं घासायची, थोडी बसवून बघायची, पुन्हा घासायची, मग हातोडीनं ठोकून मागून नट आवळायचा. घासण्यात कमीजास्त झालं की पिन हलते, पायडल कट्कट् करतं आणि एक दिवस पिन रस्त्यात पडते. कारागीर कसा आहे ते पिनेवरून कळतं, असं अब्बा म्हणायचे. आमच्या दोन्ही सायकलींच्या पिना बशीरनं बसवल्या. अब्बा खाटेवर बसून नुसते बघत होते. त्यांचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता.

प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. तसा प्रवास पुष्कळांनी केला आहे आणि आमच्यापेक्षा चांगला. मला तुकडे आठवतात. शर्टाच्या पाठीवर घामाचं पांढरं मीठ. पाट्यांवरची अक्षरं बदलत गेली तशी आमची बडबड कमी झाली. मदुराईच्या अलीकडे माझ्या पायडलमधून आवाज येऊ लागला. मला तो ऐकू येत नव्हता, पुढे चाललेल्या बशीरला येत होता. तो थांबला. "उतर. तेरी पिन घिस गई." आमच्याजवळ जादा पिन एकच होती. ती त्यानं माझ्या सायकलला घातली. झाडाखाली बसून, सावकाश घासून. मी म्हटलं, "तुझी पडली तर?" तो हसला. "मेरी? मेरी नहीं गिरती."

हे वाक्य मला पुढं फार वर्षं ऐकू येत राहिलं.

यंदा गावातली दहाबारा मुलंमुली कन्याकुमारीहून सायकलनं परत आली. त्यांच्या सायकली अशा हलक्या, की एका हाताने उचलाव्यात. अक्कलकोट नाक्याजवळ त्यांच्या स्वागताला आम्हा दोघा म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. आमच्या गावातून हे आधी केलेले तुम्हीच, म्हणाले. बशीर इस्त्रीचा सदरा घालून आला होता. एका मुलीनं विचारलं, "चाचा, तेव्हा गिअर होते का हो?"

"होते की," बशीर मांडीवर थाप मारत म्हणाला, "हितं."

सगळे हसले. मग त्याच्या हातात माईक दिला. तो भाषणं करणारा माणूस नाही. त्यानं माईक छातीशी धरला आणि म्हणाला, "पोरांनो, एक सांगतो. आपल्या सायकलीचा भरवसा धरू नका. आपल्या हाताचा तर अजिबात धरू नका. मी धरला. घर इतकं जवळ आलं असताना माझी पिन पडली, मीच बसवलेली. त्या एका पिनेपायी मला माझ्या अब्बांचं तोंड बघायला मिळालं न्हाय." मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर हार घालून बसलो होतो.

बशीरची पिन पडली नव्हती. ती मी काढली होती.

आम्ही परत येताना गुलबर्ग्यापर्यंत वारा पाठीशी होता. तिथून काकांना तार केली आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधी मैंदर्गीत पोचलो. तिथं माझ्या आईची थोरली बहीण दिलेली होती. दोडव्वा म्हणायचो आम्ही तिला. तिनं आम्हाला अंगणातूनच हाक मारली, "बर्रि, बर्रि, ऊटा माडि!" म्हणजे या, जेवा. बशीरला ती माझ्यासारखंच 'तम्मा', म्हणजे धाकट्या, म्हणाली आणि त्याच्या काळ्या पडलेल्या हातांकडे बघून डोळे पुसू लागली. रविवार होता. शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसलेली, दोडव्वाचा गडी ती काढून गरम गरम हातावर चोळत होता. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा गोड वास, धूर, चटणी, दही. आम्ही किती खाल्लं ते आम्हालाच ठाऊक.

तिथंच काकांच्या दुकानातला सिद्राम आमची वाट बघत बसला होता. काकांनी त्याला एसटीनं पाठवलं होतं. "सोमवारी सकाळीच या म्हणलेत काका. आदी येऊ नका. नाक्यावर मांडव घातलाय, हलगीवाले सांगितलेत, साऱ्या पेठेला निरोप गेलाय. लई मोठं केलंय की."

बशीरला यातलं काही कळेना. आपलं गाव, आपलं घर, आणि बाहेर कायकू थांबायचं? मी त्याला समजावलं. आमच्यात नवरदेवाचं वऱ्हाड लवकर आलं तरी तसंच गावात शिरत नाही. वेशीबाहेर मारुतीच्या देवळात थांबतं. मुलीकडचे वाजतगाजत येतात, सीमांतपूजन होतं, मग गाव. आधीच कुणी नवरदेव आत हिंडताना दिसला तर पूजेला अर्थ काय राहिला? काकांना तर सोमवारच हवा होता, महादेवाचा वार. बशीर म्हणाला, "अरे, मैं किदर का दूल्हा?" दोडव्वाला मी ते कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा ती हसून हसून खोकली.

मग सिद्राम मला बाजूला, कडब्याच्या गंजीमागे घेऊन गेला. "त्याच्या अब्बाची तब्येत जरा जास्त हाय. काल जेवला न्हाय म्हातारा. पण काका म्हणले, त्याला सांगू नका, उगं घाबरंल. उद्या येतोयच की." एवढं सांगून तो परतीच्या एसटीसाठी फाट्याकडे गेला.

मी बशीरला सांगितलं नाही. काकांनी नको म्हटलं म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण काकांचं मी एरवी काहीही ऐकत नव्हतो.

खरं असं, की मला तो मांडव हवा होता. दोनदा नापास झालेल्या मुलाला पेठ एकदा हलगी लावून बघणार होती. वडील हार घालणार होते.

जेवल्यावर बशीर अचानक म्हणाला, "शिवा, मैं जाके आतूं. अब्बाकू देखतूं, रातकू सोतूं, फजरकू निकलके नाकेपे तेरेकू मिलतूं. कोई देखता नहीं." सरळ बोलणं होतं. ऊन होतं, रस्ता ओळखीचा, पाय तयार. अंधार पडायच्या सुमारास तो घरी पोचला असता. मी म्हटलं, "कुणीतरी बघणारच. मग उद्याच्या मांडवाचा तमाशा होईल." तो म्हणाला, "होने दे." आणि आधी अंघोळ करतो म्हणून विहिरीवर गेला.

त्याची सायकल लिंबाला टेकवलेली होती. हत्याराची पिशवी कॅरिअरला होती. नट पान्यानं सहज निघाला, पिन निघेना. पंचा गुंडाळून त्याच्याच हातोडीनं मी ठोकत होतो. विहिरीच्या रहाटाचा आवाज चालू होता तोवर ठोकायचं, थांबला की थांबायचं. शेवटी ती निघाली. दांडा एक्सलवर सैल झाला. पिन आणि नट मी खिशात घातले.

तो आला, सायकलवर बसला आणि पायडल नुसतंच फिरलं. तो खाली उतरला. बसून बघितलं. माझ्याकडे नाही, पिनेच्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिला. मग आलो त्या वाटेनं धूळ चाळत मागं गेला. बराच वेळ शोधून परत आला. "गिर गई," तो म्हणाला. एवढंच.

माझी सायकल तो मागायच्या आत मी म्हटलं, मी अक्कलकोटहून नवी पिन घेऊन येतो. आमच्याकडे आता चालणारी सायकल एकच होती, माझी. तिच्यात त्याची जादा पिन होती. त्यानं सांगितलं, "जल्दी आ."

वाटेत रस्त्याकडेला उभ्या जोंधळ्यात मी जुनी पिन आणि नट फेकले. अक्कलकोटला पहिल्याच दुकानात पिन मिळाली. मग मी मठात गेलो. प्रसाद घेतला. पारावर बसलो. माणसं येत होती, कन्नड बोलत होती, मराठी बोलत होती, घंटा वाजत होती. पिन खिशात होती. सावल्या लांब होऊन पुसल्या जाईपर्यंत मी उठलो नाही. मैंदर्गीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि बशीर फाट्यावर उभा होता. संध्याकाळची एसटीही त्यानं सोडली होती, कारण मी कोणत्याही क्षणी येईन असं त्याला वाटत होतं. रात्री येणारी गाडी मुक्कामाची, सकाळीच हलणारी. कंदील ठेवून त्यानं पिन घासली. मी कंदील धरला होता. घासून झाल्यावर त्यानं ठोकली, नट आवळला, पुन्हा हातोडी उचलून आणखी एक ठोका दिला. असं त्यानं यापूर्वी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. बाहेर काळोख होता, सायकलींना दिवे नव्हते. "सबेरे जाएंगे," तो म्हणाला.

पहाटे आम्ही निघालो. नाक्यावर हलगी वाजत होती. वडिलांनी मला हार घातला, काकांनी बशीरला. मग काकांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. काय बोलणं झालं ते हलगीत ऐकू आलं नाही. बशीर हार तसाच ठेवून सायकलवर बसला आणि गेला. झेंडूची फुलं थोडी रस्त्यावर पडली. हलगी थांबली, माणसं कुजबुजली, आणि कुणीतरी म्हणालं, आता एवढं केलंय तर पेठेपर्यंत नेऊ की. मला नेलं. त्याच्यासाठी आणलेली शालही माझ्याच हातात दिली. त्याचे अब्बा पहाटेच्या नमाजाच्या वेळी गेले होते.

दुपारी मी मातीला गेलो तेव्हा माझ्या केसांत गुलाल होता. कब्रस्तानाच्या दाराशी बशीरच्या चाचानं विचारलं, "कल मैंदर्गीमें थे ना तुम लोग? कल कायकू नहीं आए?" मी म्हणालो, "त्याच्या सायकलची पिन पडली होती."

माझं खोटं त्या क्षणापासून गावाचं झालं. पुढं ते बशीरचंही झालं. हुरड्याच्या दिवसांत आमची मित्रमंडळी जमली की कुणीतरी हटकून म्हणायचं, "मेस्त्रीचीच पिन पडली, मग आमची काय कथा!" बशीर हसायचा. मीही हसलो आहे. त्याची आई, अम्मी, कधी रागानं बोलायची नाही. पण मी एकदा पायरीवर असताना ती आतून म्हणाली, "तेरे अब्बा की ठोकी हुई पिन कभी निकली नहीं, बशीर." तिनंच सांगितलं होतं, की त्या रात्री अब्बांनी दुकानाचं दार लावू दिलं नव्हतं. बशीर येईल, सायकल आत घ्यायची आहे, म्हणत होते.

बशीर पुन्हा लांब सायकलनं गेला नाही. दुकान चालवलं. चांगलं चालवलं. फक्त एक सवय लागली. पिन ठोकली, नट आवळला, गिऱ्हाईक सायकलवर बसलं, की तो म्हणायचा, "रुको." उतरवायचा आणि पिनेवर आणखी एक ठोका द्यायचा. त्याची काही गरज नसायची. दुकानावरून जाताना मला तो ठोका ऐकू यायचा. सायकल दुरुस्त झाली की ठोका. इतकी वर्षं.

नाक्यावरच्या त्या समारंभानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. आता दुकानाच्या पुढच्या भागात त्याचा मुलगा बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करतो. मागे एका कोपऱ्यात बशीरचं बुटकं स्टूल आहे. एखादा दूधवाला, एखादं जुनं गिऱ्हाईक अजून त्याच्याकडेच येतं. तो डब्यातल्या उरलेल्या पिना जुन्या तेलात बुडवून पुसत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सिद्रामचा निरोप, विहीर, हातोडी, जोंधळा, मठातला पार. बसलो असतो तर मधे थांबलो असतो.

तो पिना पुसत राहिला. त्याच्या सुनेनं चहा आणून ठेवला, ती गेली. मला वाटलं तो शिवी देईल. मी त्याची वाट बघत होतो, त्यानं बरं वाटलं असतं.

"किदर फेकी?" त्यानं विचारलं.

"अक्कलकोटच्या वाटेवर. जोंधळ्यात."

मग म्हणाला, "निकालते वखत घट्ट थी?"

"लई घट्ट होती. निघेचना."

"कितने ठोके?"

"मोजले नाहीत. हात दुखला."

त्यानं हातातली पिन उजेडाकडे धरली आणि तिच्या घासलेल्या अंगावरून अंगठा फिरवला. "मतलब बराबर बैठी थी," तो म्हणाला. मला नाही, पिनेला म्हणाल्यासारखं. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं ती पिन पुन्हा तेलात बुडवली आणि पुन्हा पुसली. चहावर साय धरली.

मी "बशीर" म्हणालो तेव्हा त्यानं हात वर केला.

"घर जा, शिवा. आज कुछ बोलू नक्को." मी दारापर्यंत आलो. मागून म्हणाला, "तू लिहितोस ना पेपरात, कधी कधी? लिख ये. मेरी पिन गिरी नहीं थी, लिख. अम्मी तो अब नहीं पढती. बाकी लोगां पढेंगे."

माफीबद्दल तो काही बोलला नाही. मी मागितलीही नाही. ती मागण्याची वेळ मैंदर्गीत होती, तो विहिरीवरून ओल्या केसांनी परत आला तेव्हा. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलेलो नाही, तोही आलेला नाही. आमचा संध्याकाळचा चहा बंद आहे.

काल मात्र औषधं आणायला त्या बोळातून जावं लागलं. दुकानापुढे दूधवाल्याची जुनी काळी सायकल आडवी टाकलेली होती, कॅनचे आकडे वर. बशीर उकिडवा बसून पिन बसवत होता. मी पलीकडच्या पानपट्टीच्या आडोशाला थांबलो. त्यानं ठोकली. नट आवळला. हात फडक्याला पुसले. दूधवाल्यानं सायकल उभी केली, टांग टाकली, आणि सवयीनं थांबून राहिला.

"अब क्या?" बशीर म्हणाला. "जा."

दूधवाला गेला. हातोडी जमिनीवरच होती.